पहिली फेरी माहूरची

४ नोव्हेंबर
दादाचा लातूरहून फोन. गाडी विकायची, हे ठरले. ठरले म्हणजे त्याने ठरवले. बाबा ऐकत होते आणि मी नेहमीप्रमाणे ‘हं’ म्हणत होते. अंगणाची भाड्याची जागा सोडायची आहे, महिनाअखेर बाबांना त्याच्याकडे न्यायचे आहे, आणि त्याच्या इमारतीत दुचाकी लावायची मारामार. तिथे ही मेटॅडोर कुठे उभी करणार? म्हणणे चूक नाही. चूक नसलेल्या म्हणण्यापुढे मला कधी उत्तर सुचत नाही.
जाहिरात मी लिहायची. “तू बोर्डात आलेली. तुझ्याइतकं मराठी कुणाला येतंय?”

६ नोव्हेंबर
मसुदा : ‘भंगारातून आणलेली जुनी मेटॅडोर. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात हयात गेलेल्या कारागिराने स्वहस्ते पुन्हा उभी केलेली. आत दोन माणसांच्या निद्रेची सोय, पाण्याची टाकी, शेगडीसह ओटा, हाताने शिवलेले पडदे. आजवरचा प्रवास : शून्य.’
दादा : “जाहिरात आहे का श्रद्धांजली? अन् शून्य कशाला लिहिलंस? लोक म्हणतील, चालतच न्हाई.”
पण शून्य हेच खरे आहे. आईने रेणुकामातेला नवस बोलला होता : गाडीची पहिली फेरी माहूरची, देवीची ओटी भरल्यावाचून ती दुसऱ्या वाटेला लागणार नाही. गाडी पुरी झाली तेव्हा आई अंथरुणावर होती. “बरी झाले की जाऊ,” म्हणाली. बाबा थांबले. ती गेल्यानंतरही थांबलेच. पेट्रोलपंपापर्यंतसुद्धा नेली नाही. डिझेल डब्यातून आणायचे, इंजिन अंगणातच सुरू करायचे, पुसून पुन्हा ताडपत्री घालायची. आम्ही म्हणायचो, चला ना. “तिचा नवस. तिच्याबिगर कसा फेडू?”
मग यंदा पक्षाघात. उजवा हात गेला आणि अर्धी वाणी.

११ नोव्हेंबर
दादाने जाहिरात स्वतः लिहून टाकली. ‘शून्य’ काढले. ‘निद्रा’ही काढली.

१५ नोव्हेंबर
लातूरचे गृहस्थ गाडी पाहायला आले. हसरे, उंच, मोठ्या आवाजाचे. बसस्थानकासमोर चहा-नाश्त्याची गाडी लावणार आहेत.
“काका, लई भारी काम केलंय बघा! मी चार महिन्यांपासून अशीच हुडकत होतो.” बाबांचा चेहरा उजळला, कितीतरी दिवसांनी.
मग ते आत शिरले. ओट्यापाशी वाकून उभे राहिले. “हा मात्र तोडावा लागंल. कुणाच्या मापाचा केलाय हो? दिवसभर हितं उभं राहिलो तर कंबर जाईल माझी. खाटबी काढावी लागंल.”
बाबांनी आईला आत उभी करून, तिच्या कोपराखाली पत्र्यावर खडूची रेघ मारली होती. ती लाजून म्हणाली होती, “शिंप्यावानी काय माप घेताव?” ओटा त्या रेघेवर बसवलेला आहे.
मला एवढेच म्हणायचे होते : ‘नेण्यापूर्वी एकदा माहूरला जाऊ द्या.’ वाक्य तयार होते. कर्ता, कर्म, क्रियापद, सारे जागच्या जागी. मी चहाचे कप उचलून आत गेले.
बाहेरून ऐकू आले : “पोरगी बोलत न्हाई वाटतं?”
बाबा काहीतरी म्हणाले. ते त्यांना कळले नाही. मला कळले. “हुशार... हाय.”

१६ नोव्हेंबर
व्यवहार झाला. दादा खुश. गाडी न्यायला त्यांचा ड्रायव्हर येईल, त्याच गाडीतून बाबा, मी आणि सामान लातूरला. “वेगळा टेम्पो नको करायला.”
म्हणजे पहिली फेरी लातूरची. माहूर एका दिशेला, लातूर बरोबर उलट.
दादाला फोनवर माहूरचे विचारले. खरेच विचारले. “या हालतीत बाबांना डोंगरावर? अगं, आई होती तोवर ठीक होतं. आता कुणाचा नवस अन् कुणाचं काय!” नंतर मऊ आवाजात, “पुढं बघू.”
पुढे म्हणजे कशाने? एस.टी.ने?

२२ नो.
सामान बांधले. गाडीतले कपाट उघडले तर आईने ओटीसाठी ठेवलेला हिरवा खण अन् नारळ तसाच. नारळ हलवला. पाणी केव्हाच आटलेले, आत गोटा खुळखुळतो. तो आवाज ऐकून बाबा रडले. मी पुष्कळ वाचले आहे. वडील रडताना काय करायचे ते कुठे—
बाजारात जाऊन पाण्याने भरलेला नारळ आणला. कशासाठी, ते ठाऊक नाही. बाबांनी तो डाव्या हाताने कानाशी हलवून पाहिला.

२३ नो., सकाळ
गाडीतच लिहिते आहे.
ड्रायव्हर आला. साधा, पोक्त माणूस. ताडपत्री काढली, सामान चढवले, बाबांना धरून खाटेवर निजवले. “अरे वा, काका, राजावानी झोपा आता.” बाबांच्या डाव्या मुठीत खण होता. केव्हा घेतला, पाहिले नाही.
गाडी फाटकाबाहेर येऊन रस्त्यावर थांबली. ड्रायव्हर मागे वळला. “ताई, लातूरच ना? निघू?”
मी म्हणाले, “आधी माहूर.”
तयार केलेले वाक्य आलेच नाही. हे दोनच शब्द, तेही घोगरे.
“माहूर? ते तर उलटं पडतंय, ताई.”
“हो.”
“दिवस जातोय सगळा. मालक शिव्या घालतेत.” त्याने बाबांकडे पाहिले. बाबांनी मूठ थोडी वर उचलली; त्याहून वर जात नाही. “थांबा. इचारतो.”
तो खाली उतरून फोनवर बोलतो आहे. आमच्याकडे पाठ आहे. एकदा मान हलली, पण होकाराची की नकाराची, मागून कळत नाही. नकारच असणार, आमच्या घरी दुसरे काही येत नाही. इंजिन त्याने बंद केलेले नाही, त्यामुळे अक्षर थरथरते आहे. ओट्यावर वही ठेवून उभी आहे. माझे कोपर आईच्या रेघेवर येते.
बाबा डोळे मिटून विचारतात, “कुठं... निघालो, माय?”