चादरीवरची ओल

२ मे
पिपरी मेघेत खोली मिळाली. हवेशीर आहे, समोर कडुनिंब, कूलरही चालतो. दवाखाना ऑटोने दहा मिनिटांवर. माझ्या मनकर्णाला दोन वर्षांपासून गाठींचा आजार आहे, रात्री घामाने भिजते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रात्रीतून किती वेळा कपडे बदलले ते वहीत लिहा. मी सातवी शिकलेला, पण माझं अक्षर दुसऱ्याला वाचता येतं. घरमालकीण रीताबाई हसून म्हणाल्या, आजीले सोडून गावी सिंदीत करमलं नसतं ना, बाबाजी? मनकर्णा म्हणाली, "करमायचं काय, यायले चाय कोन देइन?"

४ मे
दोनदा. कोरडी सुती पातळं उशाशी ठेवतो. आधी पाठ पुसायची, मग मान, मग नेसवायचं. चादरीवर तिचा सबंध आकार ओला उमटतो, डावा खांदा थोडा वर. सकाळी दोरीवर टाकली की पंधरा मिनिटांत कडक. ती म्हणते, झोपा आता, मी का लेकरू हाओ? मी शेजारी पडून जागाच असतो. ताप वाढला तर?

९ मे
चारदा. दात वाजत होते. धरून बसलो.

११ मे
पहाटे ताप चढला. दवाखान्यात नेलं. त्यांनी पुष्कळ केलं. दुपारी तीनला गेली. तिचे कोरडे कपडे घेऊन मी बाहेर बाकावर होतो.

२६ मे
तेरवी झाली. सामान न्यायला खोलीवर आलो. मुलगा चंदन परवा गाडी आणणार आहे.
रात्री दोनला सवयीने जाग आली. हात शेजारी गेला. चादर ओली. दिवा लावला. तिचाच आकार, डावा खांदा वर. भ्यालो. मग दुसरी चादर घातली. तीही ओली झाली. मग रडलो.

२७ मे
नवतपा आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी आकार वाळू लागला, पाय तर दिसेनात. राहवलं नाही. बाजारात भाजी विकताना पालक कोमेजला की आम्ही त्यावर पाणी शिंपडतो, गोणपाट ओलं करून झाकतो. दिवसभर टवटवीत राहतो. तसंच केलं. पाय परत आले. रीताबाई दारातून म्हणाल्या, "बाबाजी, गादीवर पानी काऊन टाकून राह्यले?" सांडलं म्हणालो.

२७, रात्री
पाच वेळा. दात वाजल्याचा आवाज येतो. पाठ पुसायला जातो, हात ओला होतो, पाठ लागत नाही.

२८ मे
सात. कण्हते. मरून तरी घाम थांबला असता तिचा. मी पाणी घातलं नसतं तर — चंदनला फोन केला, इतक्यात येजो नको.

२९ मे
मोजता येत नाही. म्हणाली, "अवो, पुरे करा आता. थकली मी."
शिंपडणार नाही. खिडकी उघडली. ऊन गादीवर —

दुपार
पाय गेले. हात गेले. मी बघत बसलो. धीर धर म्हणालो, थोडंच राहिलं —

चेहरा उरला आहे. ओठ हलतात. तहान लागली म्हणते. मनकर्णा, नको मागू — एवढंसं तर मागते — एक घोट. एका घोटाने काय —