लाटण्याला सुटी

वसमत, मंगळवार, मार्च २०००

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून स्वयंपाकघरातला दिवा मी लाटण्याच्या टोकानं लावते. बटण उंच, मी बुटकी.

आज नवी वायरिंग करायला रशीदभाई आले. "वहिनी, बोर्ड कुठं ठोकू?" हे आजवर मला कुणी विचारलं होतं का? मी हात पुरेल तिथं भिंतीवर बोट ठेवलं.

आमचे हे म्हणाले, "एवढ्या खाली काहून? लोक हसतील."

"लोक येतात का स्वयंपाक करायला?" म्हणलं मी. रशीदभाईंनी तोवर बोटापाशी खूण केलीसुद्धा.

संध्याकाळी हे अंधारात जुन्याच जागी भिंत चाचपून राहिले होते. "खाली," म्हणलं. वाकले बिचारे. मग मी उगीच दोनदा दिवा लावून बघितला.

आज लाटण्यानं फक्त पोळ्या लाटल्या.