‘मस्ट’ म्हणायचं नाही

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. ऑनलाइन इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. मोबाइलवर सगळं जोडून दिलं लेकीने, इफ्राने. विद्यार्थिनी एकच, मिस लिन. चीनमधल्या एका बंदरात, मासेमारीची जाळी विकणाऱ्या कंपनीत नोकरी. कुवेतला ऑफिसात जन्मभर इंग्रजी पत्रं टाइप केली, ती विद्या आता कामी येणार.
लिनचा दोष लगेच सापडला. सगळीकडे ‘मस्ट’. गिऱ्हाइकाला म्हणते, यू मस्ट बाय. मला म्हणते, टीचर, यू मस्ट स्पीक स्लोली. ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’ तोंडात नाहीतच. महिन्याभरात सरळ करतो.

६ नोव्हेंबर
लिनचं म्हणणं, त्यांच्याकडे ‘केलंच पाहिजे’ हे मायेने म्हणतात. जेवायला बोलवतानाही, ‘तुम्ही आलंच पाहिजे.’ मी सांगितलं, इंग्रजीत ही दादागिरी. खैरुन्निसा चुलीपाशी ऐकत होती. अर्थ विचारला, सांगितला. म्हणाली, “मगे आमी पावण्याक काय सांगतो? येवकच व्हया!” बायकोला ग्रामर कळत नाही.

११ नोव्हेंबर
सकाळपासून डाव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगतायत. शिकवण्यात उपयोग केला. आय कॅन सी ब्लॅक थ्रेड्स. ‘कॅन’चं सुंदर उदाहरण. लिन उदाहरण सोडून ओरडलीच. “टीचर, यू मस्ट गो डॉक्टर! टुडे! माय ग्रँडफादर सेम!” तिच्या आजोबांना असंच झालं होतं म्हणे.
मी शांतपणे थांबवलं. वयाने मोठ्या माणसाला ‘मस्ट’ नाही. यू माइट लाइक टु सी अ डॉक्टर. पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. शेवटी शेवटी आवाज अगदी बारीक झाला. नम्रता येतेय.
खैरुन्निसाचंही तेच. तुमची शुगर वाढलेली, ओरोसच्या दवाखान्यात चला. म्हटलं, इन्शाअल्ला, सोमवारी. तर म्हणते, “अल्लाचा नाव फुडे करू नकात, एसटीचो टायम सांगा.”

१७ नोव्हेंबर, सोमवार
ओरोसला गेलो नाही. गाडीला गर्दी असणार. शिवाय उद्याच्या तासाची तयारी होती. धागे कमी झालेत. त्यांच्या जागी नाकाच्या बाजूने एक सावली आलीय. धागे फिरायचे, सावली जागची हलत नाही. म्हणजे स्थिर आहे. सुधारणाच म्हणायची.

२० नोव्हेंबर
आजचा दिवस सोन्याचा. लिनने डोळ्याचं विचारलं. सावली थोडी वाढल्याचं सांगितलं. ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. शब्द जुळवत असावी. मग म्हणाली, “टीचर, आय वंडर इफ यू माइट परहॅप्स लाइक टु सी अ डॉक्टर.”
कुवेतला आमच्या साहेबालाही असं वाक्य जमलं नसतं. इतक्या अदबीने सांगितलं की काही करायलाच हवं असं वाटलं नाही. पूर्ण मार्क दिले. ती हसली नाही. चिनी मुली लाजाळू.
खैरुन्निसाने विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, वाटलं तर डॉक्टरकडे जा म्हणाली. ती माझ्याकडे बघत राहिली. “वाटला तर?” एवढंच बोलली. रात्री जेवली नाही. ॲसिडिटी असेल.

२४ नोव्हेंबर
सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवला, तो टेबलाबाहेर. फुटला. डावीकडे नुसता काळा पडदा. खैरुन्निसा ओरडली नाही. काचा गोळा केल्या, शेजारच्या मुनीबची रिक्षा बोलावली आणि म्हणाली, “उठा.” उठलो.
ओरोसच्या डॉक्टरीणबाईंनी बघून लगेच कोल्हापूरला धाडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा आतला पडदा, रेटिना, पूर्ण सुटलाय. धागे दिसले तेव्हाच आला असता, तर बहुधा वाचवता आला असता. आता ऑपरेशन केलं तरी नजर येईलच असं सांगू शकत नाही. उजव्या डोळ्याला लेझर करायलाच हवं.
फार स्पष्ट बोलतात. पेशंटशी बोलण्याची एक पद्धत असते. खैरुन्निसा बाकावर बसून दुपट्ट्याचं टोक पिळत होती. ती हे ऐकून घाबरली, मी नाही.

३० नोव्हेंबर
अक्षर मोठं काढतोय. एका डोळ्याने ओळ कुठे जातेय नीट दिसत नाही. डाव्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी. उजेडसुद्धा कळत नाही. इफ्रा आलीय. तिने लिनला कळवलं की तास बंद.
आज लिनचा आवाजी निरोप आला. खैरुन्निसाने फोन माझ्या कानाशी धरला. “टीचर, सॉरी. आय…” आणि पुढे सगळं चिनीत. बराच वेळ.
खैरुन्निसा म्हणाली, “रडता ती.”
म्हटलं, नेटवर्क खराब असेल.
तिने निरोप परत लावला. संपल्यावर पुन्हा लावला. या वेळी मी सगळा ऐकला. एक शब्द कळला नाही. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.