शेंदराखालचा सतरा

आबा, उद्या सकाळी अकरा वाजता संग्रहालयाचे लोक आपल्या बांधावर येणार आहेत, आणि आपला म्हसोबा म्हणजे नेमकं काय आहे हे मी अजून आईला सांगितलेलं नाही. काल शाळा सुटल्यावर आष्ट्याहून एसटीनं निघाले, दिवेलागणीला पोचले. तेव्हापासून तीनदा तिच्यासमोर जाऊन बसले आणि तीनदा चहाचं विचारून उठले. तुम्ही गेल्यापासून घर सांभाळणाऱ्या धाकट्या भावानं हात झटकले. म्हणाला, ताई, तू सुरू केलंस, तूच निस्तर. तो किती खरं बोलला, हे त्याला ठाऊक नाही.

दिवाळीत लेकीकडे गेले होते. मला शाळेत विज्ञान शिकवायला उपयोगी पडेल म्हणून तिनं मोठ्या कौतुकानं एका संग्रहालयात नेलं. तिथं गोदावरीच्या खोऱ्यातल्या लाल मातीतून काढलेला एक सांगाडा उभा केलाय, पहिल्यावहिल्या डायनासोरांच्या काळातला, म्हशीएवढ्या अंगाचा. आपला यमाईचा डोंगर ज्या काळ्या कातळाचा आहे, तो त्या लाल थरापुढं कालचं पोर. आठवीच्या वर्गाला काय काय सांगायचं ते मी वहीत उतरवत होते आणि मानेपाशी येऊन थांबले. मानेतला एक मणका पांढराफट्ट, प्लास्टरचा. मूळ मणका उपलब्ध नाही, असं पाटीवर लिहिलेलं. त्याच्या अलीकडच्या मणक्यावर बारीक काळ्या रंगात इंग्रजी सोळा, पलीकडच्यावर अठरा. आणि पुढं कमरेजवळ सत्तावीस, त्यातल्या साताच्या पोटात आडवी रेघ. असा सात मी एकाच माणसाला काढताना पाहिलंय. मी वही मिटून तिथल्या बाकावर बसले. लेक विचारत राहिली, बरं वाटत नाही का म्हणून.

पलटणीतून सुटून आल्यावर तुम्ही त्या गोदावरीकडच्या, हाडं काढणाऱ्या खोदकामवाल्यांच्या जीपवर ड्रायव्हर लागलात. फौजेत गाड्यांवर नंबर रंगवून तुमचा हात बसलेला, म्हणून साहेब हाडांवरचे नंबरही तुमच्याकडूनच घालून घ्यायचे. सगळा हिवाळा तुम्ही तिकडं आणि आई इकडं एकटी उसाला पाणी पाजायची. मी तेव्हा सातवीत. एकदा तरी दाखवा म्हणून मी तुमचा पिच्छा पुरवला होता. पेट्या पोचवायला पुण्याकडं निघालेले तुम्ही वाट वाकडी करून दोन दिवस घरी आलात. आत चुलीपुढं आई भाकरी थापतेय, आणि बाहेरच्या खोलीत तुम्ही ट्रंकेतून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढताय. जांभळट, जड, दोन बाजूंना शिंगांसारखे दोन फाटे, बुडाशी सतरा. तुम्ही ते माझ्या मांडीवर ठेवलंत. "दोन दिस बघ, मग परत न्यायचं हाय," हळूच म्हणालात, "आन् आईला हाड हाय म्हणून सांगू नगंस. घरात ठिवू द्यायची न्हाई ती."

आबा, माझ्याच्यानं ते परत देववेना. इतकं साधं कारण होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जनावर माझ्या मांडीवर येऊन बसलं होतं आणि दोन दिवसांत ते पेटीत जाणार होतं. आपल्याकडं शेंदूर लावलेल्या दगडाला कुणी हात लावत नाही, एवढं सातवीतल्या पोरीलाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गावात गेल्यावर मारुतीसाठी आणून ठेवलेला शेंदूर मी तेलात कालवला, मणका ओच्यात घालून बांधावर नेला आणि लिंबाखाली ठेवून सगळा माखला. नंबर पहिल्यांदा झाकला. माझा बेत असा की तुम्ही शोधून शोधून जाल, मग मी तो सावकाश घरी आणीन. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, इथं म्हसोबा झाला. संध्याकाळी वैरण आणायला गेलेल्या आईला तो दिसला. शिंगं बघून ती जागीच बसली. सकाळपर्यंत आळीतल्या बायका नारळ घेऊन हजर.

तुम्ही ट्रंक उघडलीत, बंद केलीत आणि बांधावर आलात. मला ती वेळ अजून जशीच्या तशी दिसते. बायका ओवाळतायत, आई तेल घालतेय, तुम्ही मागं टोपी हातात घेऊन उभे. तुम्ही हात जोडले नाहीत. पुढं कधीच जोडले नाहीत, आणि आईला वाटत राहिलं की फौजेत जाऊन माणूस नास्तिक झाला. माझ्या बोटांच्या नखात शेंदूर होता. तुम्ही तो पाहिलात आणि इतकंच म्हणालात, "लय शानी झालीस." मारलं असतंत तर बरं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला बोलावणं आलं नाही. साहेबांना तुम्ही काय सांगितलंत, मी कधी विचारलं नाही. तुम्ही कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर लागलात आणि रोज रात्री घरी जेवायला यायला लागलात. आईनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. म्हसोबा बांधावर आला आणि माझा माणूस घरी आला, असं ती आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तिला ते हाड आहे म्हणून कसं सांगू? चाळीस वर्षं जिच्या हातचा नैवेद्य त्याला गेला, ती ते ऐकून जेवणार नाही. मीच संग्रहालयाला फोटो पाठवला, मीच पत्र लिहिलं, आणि आता माझाच जीव टांगणीला लागलाय. तिथले अधिकारी फोनवर फार चांगले बोलले. म्हणाले, मॅडम, शेंदराची काळजी करू नका. आधी औषधानं पुसून सगळं तेल काढू, मग नंबर आपोआप वर येईल.

आत्ता ऊन कललंय. आईशी बोलून आलेय. ती जात्यापाशी लसूण सोलत बसली होती. मी सांगितलं की आबांनी तो त्यांच्या कामावरून आणला होता, तो तिकडचा आहे आणि न्यायला लोक येणार आहेत. शेंदूर मी लावला होता, हेही सांगितलं. तिनं हातातली पाकळी सोलून टाकली. म्हणाली, तवाच तुझ्या परकराला शेंदराचा डाग दिसला व्हता, तुझा बा मारंल म्हणून मी धुतला. मग पाकळ्या सुपात सारून माझ्याकडं बघितलं.

"ज्यांचा हाय त्यास्नी दिऊन टाक. आपुन काय चोर हाय व्हय? पर त्यास्नी इचार, तिकडं आवसंला तेल कोण घालणार?"

मी म्हणाले, घालतील, विचारलंय मी. हाड हा शब्द मी काढला नाही. आजवरचं खोटं आपल्या दोघांचं होतं, आबा, हे माझं एकटीचं आहे. ती आता उद्यासाठी तेलाची नवी बाटली शोधतेय, त्यांच्याबरोबर द्यायला, आणि ती कुठं ठेवलीय म्हणून मला हाक मारतेय.