नव्वद टक्के जनरेटर

३ मार्च
वीज कंपनीची नोटीस आली. २४ तारखेला आमच्या भागातल्या जुन्या तारा बदलणार. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत वीज नाही.

आईचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. आंघोळीपुरती नळी काढली तर चालेल, एरवी नाकात हवीच, असं डॉक्टरांनी बजावलंय. राखीव सिलिंडर आहे, पण छोटा. तासा-दीड तासाचा खेळ.

नोटीस दोनदा वाचली. मग आठवलं, आपल्याकडे जनरेटर आहे! मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली. दोन वर्षं पडून आहे. बायकोला म्हटलं, काळजी सोड. तिने सोडली नाही.

४ मार्च
जनरेटर सुरू केला. दोरीच्या सतराव्या झटक्याला इंजिन लागलं. उत्तम आवाज. टेबललॅम्प जोडला. अंधार.

म्हणजे इंजिन ठीक, इलेक्ट्रिकल बाजूत दोष. निदान निम्मं झालं.

बायको म्हणाली, मेकॅनिकला बोलवा. मागच्या वेळी त्याच जनरेटरवर मी गिझर आणि इस्त्री एकदम लावली होती तेव्हा हा माणूस फिदीफिदी हसला होता. त्याला बोलावणार नाही. वीस दिवस हातात आहेत आणि इंटरनेट आहे.

५ मार्च
पॅनेलचं बारकाईने निरीक्षण. दोन सॉकेट, एक स्विच, एक काळं बटण. बटण अर्धा इंच बाहेर आलेलं आहे. डिझाइनच तसं असावं.

आईने खिडकीतून विचारलं, अरे, शॉक तर नाही ना लागणार? म्हटलं, छे! मग घरात येऊन पाणी प्यायलो. दोन ग्लास.

७ मार्च
बायकोने मला न विचारता जनरेटर पुसून काढला. फडकं इतकं रगडून फिरवलं की ते काळं बटणही आत गेलं. कंपनीने विचार करून बाहेर ठेवलेलं बटण! आता मशीन ओरिजिनल राहिलं नाही. बोललो. ती म्हणाली, कोळ्याची जाळी होती, तीही ओरिजिनल होती का?

गाढवापुढे वाचली गीता.

८ मार्च
मल्टिमीटर आणला. पिवळा. दिसायला फार प्रोफेशनल. व्हिडिओतला माणूस सांगतो, सॉकेटमध्ये दोन पिना घालायच्या, २३०च्या आसपास आकडा आला की मशीन ठणठणीत.

हे करताना त्याच्या हातात ग्लोव्हज नव्हते. अशी माणसं फार जगत नाहीत. मी रबरी ग्लोव्हज, रबरी चपला आणि पायाखाली लाकडी पाट घेतला. सगळ्यांना आत पाठवलं. इंजिन सुरू केलं. नीट तापू दिलं. मग इंजिन बंद केलं (चालू मशीनच्या सॉकेटमध्ये धातू खुपसायला मला वेड लागलेलं नाही) आणि पिना घातल्या.

शून्य.

निदान पक्कं. करंट तयारच होत नाही.

१० मार्च
पुन्हा मोजलं, त्याच काळजीने. शून्य. शास्त्रात दोनदा मोजायचं असतं.

बायको म्हणाली, परत एकदा दिवा लावून तर बघा. म्हटलं, मीटर शून्य दाखवतोय तर दिवा काय डोंबलाचा लागणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

१२ मार्च
व्हिडिओ नंबर अकरा. यातला माणूस म्हणतो, जनरेटर खूप दिवस पडून राहिला तर आतलं चुंबकत्व मरतं. बारा व्होल्टची बॅटरी क्षणभर जोडून ते जागं करायचं. क्षणभरच. जास्त वेळ झाला तर काय होतं ते त्याने सांगितलं नाही, नुसते डोळे मोठे केले.

स्कूटरची बॅटरी काढली. वायर तोडल्या, सोलल्या. जोडताना हात थोडा थरथरला. कॉफी जास्त झाली होती. शेवटी वायर न जोडताच बॅटरी जनरेटरला चिकटवून ठेवली आणि तासभर तशीच राहू दिली. तेवढ्यानेही थोडंफार जागं होत असेल.

मोजलं. शून्य.

१४ मार्च
स्कूटर सुरू होत नाही. ऑफिसला चालत गेलो.

संध्याकाळी सुट्या भागांच्या दुकानातून व्हिडिओत सांगितलेले कार्बन ब्रश आणि व्होल्टेज रेग्युलेटर आणला. दुकानदार म्हणाला, आधी नेमकं काय बिघडलंय ते तरी बघितलंत का? म्हटलं, पूर्ण तपासलंय. तो मशीनचा नंबर विचारत होता तेवढ्यात निघालो.

एक चांगली बातमी. आईचं मशीन दुपारी थोडा वेळ बंद होतं म्हणे. आई नळी काढून खिडकीशी बसली होती. बायको रागावली, तर म्हणाली, त्याच्या घरघरीने डोकं उठतं गं. म्हणजे तिला आता ऑक्सिजन कमी लागतो. सुधारणा आहे.

१६ मार्च, सकाळ
आज रेग्युलेटर बदलायचाच.

१६ मार्च, दुपार
कव्हरचे चार स्क्रू काढले. आत पाहिलं. लाल, निळ्या, पांढऱ्या वायर आणि तांब्याचं भलंमोठं गुंडाळं. बंद मशीनमध्येही करंट दबा धरून बसलेला असतो असं वाचलं होतं, ते नेमकं तेव्हाच आठवलं. तो बसू दिला. कव्हर लावलं. तीन स्क्रू.

ही भीती नाही. ही सेफ्टी आहे. हात दाखवून अवलक्षण कोण करतो?

नवा रेग्युलेटर कपाटात सुरक्षित आहे.

१८ मार्च
बायकोने विचारलं, किती झालं? म्हटलं, नव्वद टक्के. तोंडातून निघून गेलं. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. म्हणून दुरुस्त केलं नाही. म्हणजे आकडा.

२० मार्च
बायको म्हणाली, अजून वेळ आहे, त्या दिवसापुरतं आईंना हॉस्पिटलमध्ये ठेवू या. आईच म्हणाली, नको गं, तिथे गेलं की परत येताना भीती वाटते. मी म्हणालो, कशाला हॉस्पिटल? मी आहे ना. बायको उठून सिलिंडरचा काटा बघून आली.

आई आज दोनदा नळीशिवाय बसली होती. नखं जरा निळसर वाटली. खिडकीतल्या उजेडाने तसं दिसत असेल.

मोजलं. शून्य.

२२ मार्च
मेकॅनिकला फोन केला. (बायकोला सांगितलेलं नाही.) तो म्हणाला, साहेब, २४ला सगळ्यांनाच जनरेटर हवेत, मला श्वास घ्यायला वेळ नाही. श्वास हाच शब्द वापरला त्याने.

२३ मार्च
जेवण गेलं नाही. बायकोला खरं सांगायला तीनदा स्वयंपाकघरात गेलो. पहिल्यांदा मीठ मागितलं, दुसऱ्यांदा पाणी. तिसऱ्यांदा तिनेच विचारलं, सगळं ठीक आहे ना? म्हटलं, हो, हो, नव्वद टक्के.

मी घाबरलो आहे. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. शॉकला तर घाबरतोच, पण आता त्याहून जास्त उद्याला घाबरतो.

२४ मार्च, संध्याकाळ
सकाळी दहाला वीज गेली. आईच्या मशीनने एक लांब शिट्टी मारली आणि ते गप्प झालं. बायकोने आईला सिलिंडर लावला आणि मला म्हणाली, चला, सुरू करा.

अंगणात गेलो. पाट, चपला, ग्लोव्हज. इंजिन लागलं. तापू दिलं. बंद केलं. मोजलं. शून्य. परत सुरू केलं, बंद केलं, मोजलं. शून्य. असं किती वेळा केलं आठवत नाही. माझी पाचावर धारण बसली होती. सिलिंडरचा काटा लालच्या जवळ आला, असं बायकोने आतून ओरडून सांगितलं. मग ती खिडकीशी आली. रोज मी तिला आत पाठवतो. आज पहिल्यांदाच ती बघत होती.

म्हणाली, अहो, बंद करून मोजताय?

मी हातातल्या मीटरकडे बघितलं.

म्हणाली, रोज बंद करूनच मोजत होता?

मीटर खाली ठेवला. दोरी ओढली. इंजिन लागलं. आईच्या मशीनची लांब वायर हातात घेतली. हात लटलट कापत होता, आणि कॉफी प्यायलो नव्हतो. डोळे मिटले आणि प्लग आत ढकलला.

आत आईचं मशीन घरघरलं.

मी अंगणातच पाटावर बसलो आणि रडलो. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

नंतर जनरेटरचं माहितीपुस्तक काढलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. पान चार: लोड जास्त झाल्यास काळं बटण बाहेर येते. ते आत दाबावे. म्हणजे जनरेटर सात तारखेलाच दुरुस्त झाला होता. फडक्याने. त्यानंतर तो बिघडला नाही, कारण त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

तरीही छाती थोडी फुगलीच. प्लग शेवटी मीच लावला ना. आईजवळ जाऊन म्हटलं, बघ, मी म्हणालो होतो की नाही?

आईने माझा हात हातात घेतला. म्हणाली, हो रे बाळा. पण तू दुरुस्त करतोयस म्हटल्यावर मी रोज थोडा थोडा वेळ नळी काढून ठेवायला लागले होते. म्हटलं, सवय असलेली बरी.

वीज अजून आलेली नाही. जनरेटर चालू आहे. मी आईजवळ बसलो आहे आणि तिची नखं बघतो आहे.