शॉनाच्या कॉम्प्युटरमधलं सोंग

२६ डिसेंबर

डॉर्कस, चष्मा शोधू नकोस, कपाळावरच असेल. तुझी बहीण कुठं गेली हेही एव्हाना विसरली असशील, म्हणून पहिल्यापासून सांगते. मी फोर्ट मॅकमरीला आले आहे, माझ्या नातीकडे, शॉनाकडे. विमानात दोनदा चहा मिळाला, दोन्हीदा पाणचट. बाकी सगळं झकास.

घर ऊबदार आहे. शॉनाचा नवरा खाणीवरच्या कॅम्पात आहे, तो सात तारखेला येईल; तोवर आम्ही दोघीच. इथं शेजारीपाजारीसुद्धा दार ठोठावतात! आपल्या खाडीत शेजारी सरळ आत येतात; दार वाजलं की समजायचं, पोलीस तरी आलाय नाहीतर नाताळात वेष पालटून घरोघर फिरणारी सोंगं तरी.

शॉनानं स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला आहे. एकेक भाग वेगळ्या खोक्यातून आला. एका बाजूला काच आहे, आत निळे दिवे. सहा जानेवारीपासून ती घरी बसून दवाखान्याचे कागद टाइप करणार. पाठ कामातून गेल्यामुळं कॅम्पाच्या स्वयंपाकघरात तिला आता उभं राहवत नाही. ही नोकरी टिकली तरच तिचं इथं निभेल. तोवर मशीन माझं. मी बोलते, ते लिहितं. तू चार वर्षं शाळेत गेलीस, मी मासे खारवत राहिले, आणि बघ, रोजनिशी कोण लिहितंय!

२७ डिसेंबर

मशीन बिघडलं. काल तुझ्याशी बोलून झालं आणि पडद्यावरचं चित्र थिजलं. बाण हलेना. शॉनानं बटण दाबून धरलं तेव्हा कुठं बंद झालं. मग दिवसभरात चारदा तसंच. एकदा तर आपोआपच विझलं, दिव्यांसकट.

शॉनाला वाटलं, आतून तापत असेल. पंखा काढून त्याखाली टूथपेस्टसारखा लेप नव्यानं लावला. तापमान ठीक. मेमरीच्या दोन पट्ट्या एकेक करून काढून पाहिल्या. काही फरक नाही. मी तिला सांगितलं, तुझा आजोबा बोटीचं इंजिन असंच दुरुस्त करायचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेली बाजूला ठेवायची, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं. ती म्हणाली, नॅन (आजीला ती नॅनच म्हणते), आजोबांचं इंजिन शेवटी समुद्रातच गेलं ना? जीभ आईवर गेली आहे पोरीची.

आता पुन्हा चालू आहे. रात्री पावाच्या पिठाचे टाउटन तळणार आहे, काकवी इथं मिळते पण पातळ— आत घ्याल का

२८ डिसेंबर

शॉनानं कालचं पान छापलं आणि विचारलं की शेवटी हे काय बोललीस. मी काकवीपर्यंतच बोलले होते. तेवढ्यात मशीन विझलं होतं. पुढचे शब्द माझे नाहीत. शॉना म्हणाली, टीव्हीचा आवाज पकडला असेल. टीव्ही बंद होता, पण मी म्हटलं, असेल. आल्या आल्या म्हातारीला भास होतात असं कशाला म्हणवून घ्यायचं?

दुकानातून तिनं वीज पुरवणारा डबा नवा आणला. तोही बदलून झाला. दुपारपर्यंत तीनदा थिजलं.

२९ डिसेंबर

डॉर्कस, गंमत ऐक. शॉना बाजारात गेली होती. मी मशीनसमोर बसून बटाटे सोलत होते. चित्र थिजलं आणि त्याच्या स्पीकरमधून ठक ठक ठक. मग आवाज आला, अगदी आपल्या सोंगांसारखा, कुणी ओळखू नये म्हणून श्वास आत ओढत बोललेला: सोंगांना आत घ्याल का?

किती वर्षांनी ऐकलं गं! चेहऱ्यावर जाळीचा पडदा, नवऱ्याच्या अंगात बायकोचा झगा, पायांत उलटसुलट बूट, आणि आपण नाव ओळखायला धडपडायचो; ओळखलं की सोंगानं पडदा काढून निघायचं. मला वाटलं, शॉनानंच म्हातारीच्या करमणुकीसाठी लावून ठेवलंय. मी आपली म्हटलं, या की बाबांनो, आत या, नाताळ आहे.

शॉना आल्यावर विचारलं. तिनं काही लावलेलं नव्हतं. आपल्या सोंगांबद्दल तिला काही माहीतही नाही.

पण मशीन तेव्हापासून एकदाही थांबलेलं नाही.

३१ डिसेंबर

दोन दिवस अखंड चालू आहे. शॉनानं त्याच्यावर रात्रभर जड काम टाकून ठेवलं, काही झालं नाही. पोरगी नाचायची बाकी होती.

सकाळी ती चहा ओतत होती. कप भरला. ती ओततच राहिली. चहा टेबलावरून खाली, तिच्या पायावर. हाका मारल्या. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. मी अकरापर्यंत मोजलं. मग तिनं किटली ठेवली आणि मला विचारलं, नॅन, हे कुणी सांडलं?

२ जानेवारी

काल ती जिन्यावर कोसळली. थिजली नाही, विझलीच. उठली तेव्हा कपाळावर टेंगूळ.

दवाखान्यात रक्त तपासलं, हृदय तपासलं, डोक्याचा फोटो काढला. एकेक करून. सगळं ठीक, म्हणाले. थकवा असेल.

मशीन मात्र टकाटक चालतंय. मी त्याच्याकडे पाहते तेव्हा ते निळे दिवे— जाऊ दे.

३ जानेवारी

आज दुपारी शॉना सोफ्यावर थिजली. मी चाळीसपर्यंत मोजलं. मग बोलली, पण श्वास आत ओढत. ओळख, म्हणाली. ओळख मी कोण.

तिच्या पायांत बूट होते. डावा उजव्यात, उजवा डाव्यात.

मी म्हटलं, तू शॉना. मान हलवली. आपल्या बुडालेल्या भावाचं नाव घेतलं, नाही. बाबांचं, नाही. माझ्या थोरल्या लेकाचं— तेही नाही, डॉर्कस. प्रत्येक चुकीला ती आणखी जास्त वेळ थिजते. शेवटच्या वेळी दोनशे मोजले.

भानावर आली तेव्हा तिला काही आठवत नव्हतं. तोंड कोरडं पडलंय, म्हणाली. पाणी मागितलं. हात बर्फासारखे.

४ जानेवारी

मशीनची वायर काढली. शॉना स्वयंपाकघरात जागच्या जागी कोसळली. श्वास नाही— मी पाहिला, नाहीच. वायर परत लावली. दिवे लागले, ती खोकत उठली.

आता ते बंद करता येत नाही. बंदही नाही आणि चालूही ठेववत नाही. शॉनाला सांगितलं. ती हसली नाही. माझा हात धरून बसली, आणि म्हणाली, नॅन, मी आत आहे, पण जागा कमी होत चाललीये.

तिचा नवरा फोन उचलत नाही. खाणीत—

५ जानेवारी

उद्या नाताळाचे बारा दिवस संपतात, सोंगांचा शेवटचा दिवस. उद्यानंतर हे सोंग ज्याच्या घरी आहे, तिथलंच होऊन राहणार.

अख्ख्या खाडीची नावं घेतली. जिवंत, मेलेली. नाही. नाही. नाही. शॉना सकाळपासून थिजलेली आहे. डोळ्यांत पाणी येतं, तेवढंच. म्हणजे आहे ती. आत आहे.

आपली रीत आठवते का तुला? आठवत नसेल, तू लहान होतीस. नाव ओळखता आलं नाही तर घरच्यांपैकी कुणीतरी पडदा घेऊन सोंगांबरोबर पुढच्या घरी जायचं. मी एकदा गेले होते. सात वर्षांची. गंमत होती तेव्हा—

६ जानेवारी

खिडकीचा जाळीचा पडदा काढला. डोक्यावरून घेतला. तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, हरले मी, ओळखलं नाही. पोरीला सोड. मी येते.

ठक. एकदाच.

शॉनानं श्वास सोडला. बाहेर सोडला, डॉर्कस! रडतेय. भूक लागली म्हणतेय. आता पडदा ओढू नकोस गं, शॉना, बस तिथं, मला बोलू दे—

पाय गार पडलेत माझे. कोपरापर्यंत हात. लवकर सांगते.

पोरीच्या अंगात काही राहिलं नाही. तिला तुझा काळा केक पाठव. मनुका रममध्ये भिजवलेल्या. कापून नको, अख्खा. खारवलेलं मांस पण, आणि काकवी, आपली, जाड. आणि तिला म्हणावं, रोज थोडं थोडं खा, आणि मी बसले आहे तिथून मला हलवू— काकवी जाड— काकवी जाड— काकवी