पाचवा बार

काकासाहेबांचा मळा, सुपे,
तालुका पारनेर.
शनिवार, १३ एप्रिल १९४६

प्रिय दानीएल यास,

तुझ्या दाजीचा सप्रेम सलाम. लिडिया आणि मी, दोघं बरी आहोत. तू भिंगारला लष्करी गोदामात कामाला लागल्याचं कळलं. काम अंगाला सोसत असेल, असं धरून चालतो.

काल विहिरीत पाच सुरुंग भरले, चार उडाले. पाचवा खडकात तसाच आहे. मी चार बार ऐकले. बन्सीने काठावर बोटं मिटून चारच मोजले. काकासाहेबांनीही चारच ऐकले. पण मळ्याचे मालक ते, त्यांना पाण्याची घाई. म्हणाले, "दोन एकदम झालं असतील. विहिरीतल्या आवाजाचं काय खरं हाय?" दगड उपसायला त्यांनी मंगळवारी बाया सांगितल्या आहेत. साळूबाई सगळ्यांच्या आधी टोपली घेऊन उतरते, हे तू पाहिलंच आहेस. म्हणून त्याआधी, सोमवारी, मी खाली जाणार आहे. ज्याने भरला त्यानेच काढायचा, ही आपली रीत.

उद्या झावळ्यांचा रविवार, त्यापुढचा ईस्टरचा. तुझ्या बहिणीने ओढ्याच्या कडेने शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या आणि पाण्यात उभ्या करून ठेवल्या आहेत. उन्हाळा कडक आहे. तिची पांढरी कोंबडी घारीने नेली.

बन्सीचं पोट कालपासून बिघडलं आहे. एवढा दांडगा गडी, पण डबा घेऊन सारखा बांधापलीकडे. मी म्हटलं, "भ्यालास व्हय रं?" तर म्हणतो, "मी न्हाई भीत दादा, पोट भितंय. त्याला सांगून बघा तुमी." आम्ही दोघं हसलो. पण सोमवारी तो दोर धरायचा नाही, हे तेव्हाच ठरलं. दोरावरचा दुसरा गडी गोरक्षनाथ भाच्याच्या लग्नाला कर्जतला निघाला आहे, जाता जाता हे पत्र तुला देईल. न उडालेल्या बाराच्या दोराला गावातलं दुसरं कुणी हात लावत नाही.

आता शिमग्याचं बोलतो. तू गेल्यापासून कालपर्यंत लिडियाने तुझं नाव माझ्यासमोर काढलेलं नाही, आणि मीही नाही.

आपल्या कामात दोर मेव्हण्याच्या हातात देतात. बहिणीचं घर ज्याच्या मुठीत, तो मूठ उघडायचा नाही, असं जुन्या माणसांना वाटायचं. त्या दिवशी एक बार वेळेआधी उडाला, दगड तुझ्या कानाजवळून गेला आणि तू दोर टाकून पळालास. मी अर्ध्यातून खाली आलो. खांदा सुजला, त्याहून जास्त काही झालं नाही. वर आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ह्याच्या हातात शेवया द्या, दोर नका देऊ." बाया हसल्या. तू एवढंच म्हणालास, "दाजी, हात कवा उघडलं मला कळलंच न्हाई." ते मला भेकडाचं निमित्त वाटलं.

काल काय झालं ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. लिडियालाही नाही.

चार वाती पेटवल्या. सुरसुर चालू झाली. पाचव्या भोकापाशी वाकलो, आणि तसाच राहिलो. पाय जमिनीत रुतल्यासारखे. वर हाक द्यायची, तर जीभ टाळ्याला चिकटलेली. सुरसुर ऐकू येईनाशी झाली. समोर खडकात गारगोटीचा कण चमकत होता, तो मात्र एवढा मोठा दिसत होता, की दुसरं काही दिसेना. भीती वाटली, असंही म्हणता येत नाही. काहीच वाटत नव्हतं. बैल बाराला बुजून अडले, की मी त्यांना शिव्या द्यायचो. तसाच मी उभा होतो.

माझी हाक आली नाही, तरी धूर बघून बन्सी आणि गोरक्षनाथने ओढलं. त्यानंतरचं मला आठवतं ते काठावरचं ऊन. वात पेटवायची सुतळी मुठीत विझलेली होती आणि तळहात भाजला होता. भाजताना कळलं नाही. लिडिया समजते, दोराने सोललं. कालपासून तेल लावते आहे.

पाचवी वात मी पेटवली की नाही, हे मला माहीत नाही, दानीएल. पेटवली नसेल, तर तो नुसता दारू भरलेला दगड. पेटवली असेल, तर विस्तव आत कुठेतरी दबून बसला असेल, आणि वरचे दगड हलवले की काय होईल ते सांगता येत नाही. वरून पाणी ओतून पाहिलं. ढिगातून ते भलतीकडेच जातं. हाताने दगड बाजूला करून भोकात पाणी सोडणं, एवढाच मार्ग आहे.

लिडिया म्हणते, "दोर मी धरीन. भावानं सोडला, मी सोडायची न्हाई."

ती सोडणार नाही, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच मी तिला नको म्हणतो. वजनाला ती माझ्या निम्मी. मी घसरलो तर ती दोरासकट विहिरीत येईल, पण मूठ उघडणार नाही. कालपासून ती धोंडे बांधून दोर ओढून बघते आहे. माझं ऐकत नाही.

तू अंगाने माझ्याहून भरलेला आहेस. येशील का?

दोर हातात धरू नकोस. हाताचा भरवसा तुझाही नाही आणि माझाही नाही, हे आता आपल्या दोघांना माहीत आहे. चाकावरून येणारा दोर कमरेला बांध आणि बैल मोट ओढतात त्या धावेवर विहिरीकडे पाठ करून उभा राहा. खाली सुरसुर ऐकू आली, दगड उडाला, काहीही झालं, तरी तुझे पाय जे करतील ते करू दे. शिमग्याला पळालास तसाच पळ. मागे बघू नकोस, माझ्या हाकेची वाट बघू नकोस. ती येईलच असं नाही. तू जितका लांब पळशील, तितका मी वर येईन.

पहिली मोटर सोमवारी सकाळी फाट्यावर येते. तिथून चालत आलास तरी ऊन विहिरीच्या तळाला पोचायच्या आत येशील. ऊन तळाला लागलं की भोक दिसतं. तेव्हा मी उतरेन.

दोराचं दुसरं टोक त्या वेळी कुणाच्या तरी कमरेला असणारच आहे.

तुझा दाजी,
कृपादान